आंबेमोहोराचा बिघाड

आंबेमोहोर शिजायला लागला की आज भात कुठला, हे घरात कुणी विचारत नाही. पातेल्यावरची ताटली जरा सरकवली की वाफेबरोबर तो वास थेट ओसरीपर्यंत जातो. नाव पडलं आंब्याच्या मोहोरावरून, पण या वासाच्या मुळाशी असलेल्या रेणूचं नाव रूक्ष आहे: २-ॲसिटिल-१-पायरोलीन. १९८२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी शिजलेल्या भातात तो ओळखला. १ ग्रॅम रेणू कोटभर लिटर पाण्यात मिसळला तरी नाकाला त्याची चाहूल लागते.

आपली समजूत अशी, की वासाच्या तांदळात काहीतरी जास्तीचं असणार. आहे ते उलट. साध्या भाताच्या रोपात एक विकर असतं. वासाचा कच्चा माल हाती आला की ते त्याचं दुसरंच काही करून मोकळं होतं. बासमतीत या विकराच्या जनुकातली ८ अक्षरं गळलेली आहेत. त्यामुळे धड विकर बनत नाही, माल तसाच पडून राहतो, आणि साचलेल्या मालातून वास धरतो. ज्याला आपण वाणाचा गुण म्हणतो, ते खरं तर बंद पडलेलं एक यंत्र.

हा बिघाड लपूनही राहतो. मोडकं जनुक दोन्हीकडून आलं तरच वास येतो. एका बाजूने धड आलं, तरी ते एकटं सगळं काम उरकतं. पण भाताचं परागण बहुतांशी स्वतःचं स्वतःशीच, त्यामुळे एकदा उघड झालेला वास वंशात टिकतो. तो पसरला मात्र माणसांच्या हातून. बासमती आणि थायलंडचा जास्मिन, दोघांत तीच ८ अक्षरं गळलेली. म्हणजे या दोघांत वेगवेगळा बिघाड झाला नाही; कुणाला तरी भात हुंगून आवडला, त्याने बियाणं राखलं, पाहुण्याला दिलं.

(हाच रेणू वाघ हद्द आखायला जो फवारा मारतो त्यातही सापडतो. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी ते दाखवलं. जेवताना मात्र हे सांगू नये.)

अन्नपूर्णेच्या रोपाच्या लांबट हिरव्या पानातही तोच रेणू आहे. साध्या तांदळाच्या आधणात त्या पानाची गाठ मारून सोडायची आणि वाढण्याआधी काढून घ्यायची. पाहुणे तांदळाचं नाव विचारतात.