हद्रुमेटमच्या मठातला प्रश्न

निवड देवाचीच असेल तर माणसाने धडपडायचे कशाला, हा सवाल ख्रिस्ती तारणाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास टाकतो आणि वाद जिंकल्यासारखा गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचा त्रास होतो. सवाल खोटा नाही, पण तो जुना आहे आणि पूर्वी तो फार गंभीरपणे विचारला गेला आहे. सन 426च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत हद्रुमेटम येथे, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या सूस शहरी, एक मठ होता. तिथल्या फ्लोरस नावाच्या मठवाशाला उझालिसच्या मुक्कामात हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांचे एक जुने पत्र सापडले. सोबत्याकडून त्याने ते उतरवून घेतले आणि मठात धाडले. चांगली इच्छासुद्धा कृपेनेच उपजते, असे त्या पत्रात म्हटले होते. मठात भांडणे जुंपली. काही जण म्हणू लागले की वरिष्ठांनी आम्हाला कर्तव्य सांगावे, ते आमच्या हातून घडावे म्हणून प्रार्थना करावी, पण चुकल्यावर रागावू नये. जे आम्हाला मिळालेच नाही त्याचा बोल आम्हाला का? रोज पहाटे उठून नियम पाळणाऱ्या माणसांचा हा प्रश्न होता, आणि मला तो आजच्या सवालापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

या मठवाशांची बाजू घ्यायची तर पेलागियसपाशी जावे लागते. ब्रिटनमध्ये जन्मलेला, रोममध्ये राहिलेला हा विरक्त माणूस पुढे पाखंडी ठरला, म्हणून त्याची निंदा करणे सोपे आहे. पण त्याची तळमळ समजून घेतली पाहिजे. ‘आम्ही दुबळे, आमच्याने होत नाही’ ही सबब सांगून आरामात जगणारे ख्रिस्ती लोक त्याने जवळून पाहिले होते. त्याची मांडणी स्वच्छ आहे. चांगले करण्याची क्षमता देवाने दिली, ते करण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष कृती मात्र माणसाची. असे म्हटले की रागावण्याला अर्थ येतो, कौतुकाला अर्थ येतो, न्यायाच्या दिवसालाही अर्थ येतो. देव अशक्य गोष्टीची आज्ञा देणार नाही, हे त्याचे म्हणणे कोणाही सरळ माणसाला पटेल. हा विषय प्रथम वाचणारा मनाने पेलागियसच्याच बाजूला असतो, आणि तसे असण्यात काही गैर नाही.

अडचण पुढे येते, आणि ती मुभा व ओढ यांतल्या फरकाची आहे. मुभा म्हणजे कोणी अडवत नाही. ओढ म्हणजे जावेसे वाटते. पेलागियसने माणसाच्या स्वातंत्र्याचा सगळा हिशेब मुभेवर मांडला. दार उघडे आहे, पाय धड आहेत, मग आत न येणारा दोषी. पण माणूस बहुतेक वेळा अडतो तो ओढीपाशी. क्षमा करायची मुभा प्रत्येकाला आहे. शत्रूचे खरोखर भले व्हावे असे वाटणे कोण स्वतःवर हुकूम सोडून उत्पन्न करील? सुमारे 413 साली डेमेट्रियास या रोमन सरदारकन्येने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, तेव्हा पेलागियसने तिला एक दीर्घ पत्र लिहिले. पैसा आणि कूळ वारशाने आले, आत्म्याची श्रीमंती मात्र तुझी तूच मिळवलेली, असा त्यात सूर होता. ऑगस्टीन यांनी मुलीच्या आईला, ज्युलियानाला, लिहून नेमक्या याच सुराला हरकत घेतली. ही हरकत मला निर्णायक वाटते. ज्या मुलीला तिचे सर्वांत चांगले तेच सर्वस्वी स्वतःचे म्हणून सांगितले, तिला आभार कोणाचे मानायचे तेही उरत नाही. पेलागियसचा देव न्यायी परीक्षक आहे. पण पौलाच्या पत्रांतला देव परीक्षेला न बसलेल्यालाही शोधत येतो, आणि पेलागियसच्या मांडणीत या शोधत येण्याला जागा नाही.

ऑगस्टीन स्वतः या ठिकाणी सहज पोहोचले नव्हते, याचे मला फार महत्त्व वाटते. आधी तेही म्हणत की देवाला पुढचे दिसते; कोण विश्वास ठेवील हे पाहून तो निवडतो. सन 396च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिशियानसने त्यांना रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाबद्दल विचारले. याकोब आणि एसाव जन्मण्यापूर्वीच एकाची निवड झाली, तर त्यात कोणाचे कर्म पाहिले? उत्तर लिहिता लिहिता त्यांचे मत उलटले. इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने आपण झटलो, पण कृपा जिंकली, असे त्यांनी म्हातारपणी नमूद करून ठेवले. गंमत म्हणजे ज्या वाटेवरून ते परतले तीच वाट पुढे डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 साली पुन्हा धरली आणि 1618-19च्या डॉर्टच्या धर्मसभेत ती नाकारली गेली. पूर्वज्ञानाची ही तोड फार काळ टिकत नाही. देवाला आगाऊ दिसलेला तो विश्वास त्या माणसात आला कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण मराठी वाचकाशी त्याचा संबंध आहे. निवडीवरची श्रद्धा माणसाला निष्क्रिय करते, हे तर्कात ठीक दिसते. इतिहासात तसे घडलेले नाही. विल्यम केरी ज्या बॅप्टिस्ट शाखेचा होता ती निवडलेल्यांसाठीच ख्रिस्त मेला असे मानणारी. त्याने 1792 मध्ये परदेशी प्रचाराची गरज मांडणारे पुस्तक काढले, पुढच्याच वर्षी बंगाल गाठला, आणि 1811 मध्ये श्रीरामपूरहून नव्या कराराचे मराठी भाषांतर निघाले. न्यू इंग्लंडच्या कॅल्विनपंथी मंडळ्यांतून आलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. नाशिककडे पटकीच्या रोग्यांना औषधे वाटून परतताना 1826 साली त्याच रोगाने वाटेत मेला. यावरून सिद्धांत खरा ठरत नाही, हे मान्य. पण आळसाची सबब सिद्धांतावर लादता येत नाही, एवढे निश्चित ठरते.

आता खरी दुखरी जागा. कृपेनेच ओढ उत्पन्न होते, तर ती एकात का उत्पन्न होते आणि दुसऱ्यात का नाही? उत्तरायुष्यातल्या ऑगस्टीन यांनी निवडलेल्यांची संख्या ठरलेली आहे, तीत घटवाढ नाही, असे लिहिले. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या तान्ह्या मुलांनाही दंडातून सोडले नाही. इथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. ‘मला शोधले गेले’ ही मागे वळून दिलेली साक्ष आहे. ‘त्याला वगळले गेले’ हा दुसऱ्यावर दिलेला निकाल आहे, आणि तो देणाऱ्याच्या हाती पुरावा शून्य. कोणी म्हणेल, एकाला दिले आणि दुसऱ्याला दिले नाही, म्हणजे दुसऱ्याला नाकारलेच. देणे आणि नाकारणे ही एकाच निर्णयाची दोन टोके धरली तरच हा तर्क चालतो, आणि तसे धरायला सांगणारे काही पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या या अध्यायांत मला ठामपणे सापडत नाही. नवव्या अध्यायात कोपाची पात्रे आहेत हे खरे, पण अकराव्याचा शेवट सर्वांवर दया करण्याच्या बोलण्याकडे वळतो.

हद्रुमेटमला ऑगस्टीन यांनी धाडलेले उत्तरच इथे त्यांच्याविरुद्ध उपयोगी पडते. रागवा, असे त्यांनी कळवले; कोण निवडलेला आहे हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सर्वांनाच रागवा, आणि त्या रागावण्यातूनही कृपा काम करील. म्हणजे मठाधिपतीने प्रत्येक चुकलेल्याकडे येऊ शकणारा माणूस म्हणूनच पाहायचे. हे अज्ञान त्यांनी मठापुरते पाळायला सांगितले. स्वतःच्या सिद्धांतात मात्र पाळले नाही.

सन 529 मध्ये दक्षिण गॉलमधल्या ऑरेंज गावी एका चर्चच्या अर्पणविधीसाठी चौदा बिशप जमले होते. आर्लचे सीझेरियस त्यांचे पुढारी. त्यांनी ठरवले की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेचीच. आणि त्याच बैठकीत असेही ठरवले की देवाने कोणाला पापासाठी नेमले असे मानणारा शापित असो. निवडलेल्यांच्या संख्येबद्दल ते काही बोलले नाहीत. या वादात इतक्या शतकांत जे लिहिले गेले, त्यात या चौदा जणांनी जिथे थांबायचे ठरवले ती जागा मला सर्वांत योग्य वाटते.