बारा दिवसांची उचल

२०१९ साली बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा जणींची. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात तीनच्या आसपास दिसतं. चौकशी समिती बसली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची नाही, असं ठरलं. मग २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा आकडे छापून आले: त्याआधीच्या हंगामाला निघण्यापूर्वी ८४३ जणींनी पिशवी काढली होती आणि त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या होत्या.

पिशवी का काढली, कोणी काढायला लावली, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली की मजूर नेणाऱ्या मुकादमानं खाड्याची, म्हणजे कामाला न आल्याच्या दंडाची, यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. मी अडलो तो पुढच्या प्रश्नाशी. हंगामाला निघण्यापूर्वी म्हणजे किती दिवस आधी? पोट उघडून ही शस्त्रक्रिया केली, तर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगतो. ट्रॅक्टर मात्र ठरल्या तारखेला दारात येऊन उभा राहतो.

खालच्या संवादातल्या दोघी मी रचल्या आहेत, त्यामुळे त्यांना नावं दिलेली नाहीत. नणंद शेजारच्या गावात आशा सेविका आहे. भावजयीचं ऑपरेशन नवरात्रात, पाचव्या माळेला झालं. आता कोजागिरी उलटली आहे, वरचे टाके निघाले आहेत. गाडी भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी येणार. म्हणजे ऑपरेशनपासून साधारण तीस दिवस. सहा आठवड्यांना बारा कमी.

भावजय: बसा अक्का. च्या पोरगी टाकतीय. मला चुलीपुढं बसू देत न्हाई ती.

नणंद: बरोबर करते. पण नुसती पडून राहू नकोस. अंगणात फेऱ्या मारतेस ना? पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ धरते.

भावजय: मारते. खोकला आला की उशी पोटाशी धरते. तुम्ही सांगितलं ते समदं करते. आता माझं एक काम करा. तुमच्या भावाला सांगा, मी बरी झाले म्हणून.

नणंद: झालीस का?

भावजय: झाले असते तर मीच सांगितलं असतं. माझं त्यांना पटत न्हाई. तुम्ही दवाखान्यातलं माणूस, तुमचं पटंल.

नणंद: आणि मी खरं सांगितलं तर?

भावजय: तर ते मला घरी ठेवत्यात आन पोरीला नेत्यात. कालच बोलले. उचल पुऱ्या कोयत्याची घेतलीय. एकटे गेले की अर्धा कोयता. दुसरा अर्धा कुणी भरायचा? आठवीत हाय ती. एकदा फडात गेलेल्या पोरीनं परत दप्तर धरलं, असं आपल्या आळीत एक तरी दाखवा.

हिशेबाचं थोडं सांगून टाकतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे म्हणजे उचल. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा तो टनाला ३६५ रुपयांच्या आसपास गेला. लाखाची उचल घेतली, तर ती फेडायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. चांगलं चाललं तर कोयता दिवसाला दोन टन तोडतो, म्हणजे साडेचार महिने एक दिवसही न चुकता. गाळप त्याआधीच आटोपलं, तर उरलेली उचल पुढच्या सालावर चढते. एकट्या माणसाचं गणित तर मांडायलाच नको.

नणंद: पोरीला वसतिगृहात घालू. सरकारनं भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठीच वसतिगृहं काढलीत.

भावजय: घाला की. मी कुठं न्हाई म्हणते? पण वसतिगृहात पोरगी सांभाळतील, अर्धा कोयता कोण सांभाळंल? तिला ठिवायची तर मला जावं लागतंय. मी राहायचं तर ती जातीय. ह्यात तिसरं काय बसत न्हाई.

नणंद: तू जाऊन बसून राहिलीस तर? भाऊ तोडेल, तू नुसती स्वैपाकपाणी बघ.

भावजय: (हसू दाबत, हसलं की पोट ओढतं) अक्का, तुम्ही कधी फडात गेला न्हाईत. त्यांनी तोडायचं, मी वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायचं. गाडी रातच्या दोनला आली तर दोनला. कोपीत पाणी कुठनं येतं? तेबी मीच आणायचं. ह्यातलं बसून काय व्हतं सांगा.

मोळी वीस-तीस किलोची असते. वरचे टाके काढले म्हणून जखम भरली असं नाही. पिशवी काढल्यावर योनिमार्गाचं वरचं टोक आतून शिवून बंद करतात. तो धागा आपोआप विरतो, पण तिथलं मांस जुळायला आठवडे जातात आणि वजन उचललं की पोटातला सगळा दाब नेमका तिथंच येतो. जखम उसवू शकते, पोटाच्या चिरेतून हर्निया होऊ शकतो. अंगावरून घाण वासाचं जाणं, थंडी-ताप, एकाएकी वाढलेलं रक्त, एका पोटरीची सूज, यातलं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा असतो. फडापासून दवाखाना किती लांब आहे, हे केस पेपरवर लिहायची सोय नसते.

नणंद: मी खोटं सांगितलं आणि तुला तिकडं काही झालं तर? मला तुझं पोट जपायला नेमलंय.

भावजय: तुम्हीच सभेत सांगता ना, बाईचं शरीर बाईच्या मालकीचं. मंग मालकीचं हाय तर गहाण ठिवायचा हक्क बी माझाच. ह्यांनी त्यांच्या बापाची जमीन गहाण ठिवली, तवा कुणी आशाबाई आडवी आली न्हाई.

नणंद: गहाण जमीन सोडवता येते.

भावजय: कुणाची सुटली?

हे उत्तर मी भावजयीच्या तोंडी घातलं खरं, पण त्यापुढं नणंदेला काय बोलायला लावावं ते मला बराच वेळ सुचलं नाही. पुस्तकातलं उत्तर तयार आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगतो की, आगाऊ पैशापोटी माणसाचे कष्ट बांधून घेता येत नाहीत आणि असं कर्ज कायद्यानं रद्द होतं. नणंदेनं ते सांगून पाहिलं.

भावजय: रद्द झालं तर बरंच. मंग पुढच्या साली उचल तुम्ही द्याल का कायदा दिल?

नणंद: ठीक. मग मला एवढं सांग. पोरगी काय म्हणते?

भावजय: ती काय म्हणणार? म्हणली, आई तू राहा, मी जाते बाबासंगं, मला मोळी बांधता येती.

नणंद: म्हणजे ती राजी आहे.

भावजय: राजी हाय म्हणूनच न्यायची न्हाई! लेकरू हाय. मायेपोटी हो म्हणलं. त्या हो ला काय अर्थ?

नणंद: आणि तू हो म्हणतेस ते कशापोटी?

भावजय: मी आई हाय.

नणंद: तेच विचारतेय. तिचं हो मायेचं म्हणून धरायचं नाही, तुझं हो मायेचं म्हणून डोक्यावर घ्यायचं. असं कसं?

भावजय: तिला कळत न्हाई ती काय देतीय ते. शाळा गेली की दोन सालात लगीन, बारीकशीच कोयता व्हऊन जाईल. मला कळतंय मी काय देते ते.

नणंद: कळतंय? बरं. पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली?

(भावजय गप्प.)

नणंद: डिस्चार्ज कार्ड कुठंय? आण. नाही, तू नको उठू. पोरीला सांग.

कार्ड इंग्रजीत आहे. नणंद बोट ठेवून अक्षर लावते. दोन्ही बाजूंची काढलेली आहेत.

नणंद: म्हणजे चौतिसाव्या वर्षी तुझी पाळी नुसती थांबली नाही, म्हातारपणी पाळी जाते तशी गेली. अंगातून वाफा निघतात का? रात्री घाम?

भावजय: निघत्यात. मला वाटलं, अशक्तपणा.

नणंद: त्यावर औषध असतं, डॉक्टरला विचारू. हाडं लवकर ठिसूळ होतात, त्याचंही बघावं लागेल. तुला हे कुणी सांगितलं होतं?

भावजय: डॉक्टर म्हणला, आता कसली कटकट न्हाई.

इथं मी नणंदेच्या बाजूचा होतो, हे लपवत नाही. जिला काय काढून घेतलं ते ठाऊक नाही, तिनं उरलेलं स्वखुशीनं दिलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण भावजय वाद हरली, असंही मला वाटत नाही. तिची माहिती अपुरी होती, तिची निवड वेडी नव्हती. मागच्या हंगामात अंगावरून जात असताना तिनं फडात दिवस काढले. आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीच्या दिवसात घरी बसली की खाडा. त्या जगात पिशवी काढणं हा हिशेबाचा निर्णय होता. शहरातल्या माणसाला तिची कीव येते, आणि कीव करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही की तिनं पर्याय तपासूनच हा उचलला होता. तिच्यापुढं ठेवलेले पर्यायच दोन होते, आणि ते तिनं ठेवले नव्हते.

भावजय: अंडाशयं गेली ती गेली. आता मी न्हाई म्हणले तर ती परत येणार हायेत का? पोरीची शाळा तरी राहू द्या.

नणंद: ऑपरेशनला किती लागले?

भावजय: पस्तीस. मुकादमानं वाढवून दिले उचलीत. त्याच दिवशी, एका शब्दावर.

नणंद: एका शब्दावर.

भावजय: मंग? ह्यांनी सांगितलं, बायको आजारी असती, पिशवी काढायची हाय. त्यो म्हणला, काढून घ्या, हंगामात कटकट नको.

नणंद: आता मला सांग, खाडा किती असतो?

भावजय: दिवसाला पाचशे.

नणंद: बारा दिवसांचे सहा हजार. आणि दोघांनी मिळून दिवसाला दोन टन धरले तर बुडते किती?

भावजय: सातशेतीस.

नणंद: बारा दिवसांचे पावणेनऊ हजार. भाऊ एकटा गेला आणि निम्मा ऊस तोडला, तर त्याच्याही निम्मे. सगळं जास्तीत जास्त धरलं तरी पंधरा हजारांच्या आत. तुझी पिशवी काढायला पस्तीस हजार मिळाले, आणि टाके भरायला पंधरा मिळत नाहीत?

भावजय: मिळत न्हाईत न्हवं. मागितलेच न्हाईत.

नणंद: का?

भावजय: कोण देतं झोपायला उचल? काढायला देत्यात कारण नंतर बारा महिने काम व्हतं. निजायला दिली तर कुणाचं काय व्हतं?

मला जे लिहायचं होतं ते ती आधीच बोलून गेली. नणंद-भावजय इतका वेळ दोन पोटांची तुलना करत बसल्या आहेत, आईचं की लेकीचं. ज्याच्या पैशानं एक पोट कापलं गेलं आणि ज्याच्या तारखेनं दुसरं पणाला लागलं, तो या संभाषणात कुठंच नाही. कारखान्याला तोडणी-वाहतुकीचा खर्च किलोमीटरसकट मांडता येतो. त्यात बाईचं बरं होणं हा खर्चच धरलेला नसल्यामुळं तो तिच्या घरात येऊन पडतो, आणि घरातली माणसं तो एकमेकांच्या अंगावर ढकलतात, तेही प्रेमानं. नवरा बायकोवरच्या मायेनं लेकीला नेऊ पाहतो. बायको लेकीवरच्या मायेनं स्वतः निघते. दोघांतलं कुणी दुष्ट असतं तर निवाडा सोपा होता.

नणंद: मी भावाला खोटं सांगणार नाही. खरं सांगणार, आणि हा हिशेबही सांगणार. त्यानं मुकादमाला विचारायचं: गाडीबरोबर मी येतो, बायको बारा दिवसांनी येईल, खाडा लावायचा तर लाव. आणि आल्यावरही महिनाभर मोळी तिच्या डोक्यावर नाही, छाटणं-बांधणं तेवढं करेल.

भावजय: ते न्हाई ईचारणार. पिशवीचं पुन्हा बोलायला लाज वाटंल त्यांना.

नणंद: पैसे घेताना बोललाच की.

भावजय: तवा गरज व्हती.

नणंद: आता कमी आहे का?

भावजय: आन मुकादम न्हाई म्हणला तर?

नणंद: तर तेव्हा बसू पुन्हा, पोरीचं आणि तुझं काय करायचं ते ठरवायला. पण आधी त्याच्या तोंडून नाही येऊ दे. आतापर्यंत त्याच्या वतीनं आपण दोघीच नाही म्हणतोय.

भावजय: मंग फोन तुम्हीच लावा, ह्यांना शेजारी बसवून. ह्यांनी एकट्यानं लावला तर त्यो म्हणंल, कोयता पळायच्या बेतात हाय. आन अक्का, ते वाफांचं औषध हाय म्हणलात, त्याला किती लागत्यात ते आधी ईचारून घ्या. तेबी ह्याच पंधरात बसवू.