गर्भपात, देहदंड आणि पित्याचे दायित्व

गर्भपात, देहदंड आणि पित्याचे दायित्व या नीतिशास्त्रातील तीन प्रश्नांची चर्चा सहसा स्वतंत्रपणे होते. पहिल्यात गर्भाचा जीव आणि स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकार यांचा विचार होतो, दुसऱ्यात माणसाचा जीव घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे काय हे तपासले जाते, आणि तिसरा प्रश्न बहुधा घरगुती कर्तव्यांत जमा केला जातो. एकोणिसाव्या शतकातील विधवांच्या वाट्याला मात्र हे तिन्ही प्रश्न एकदमच आले, आणि तिसऱ्याचे उत्तर समाजाने टाळल्यामुळेच पहिले दोन इतके क्रूर झाले.

गर्भाच्या नाशाला धर्मशास्त्रात भ्रूणहत्या म्हणतात, आणि पराशरस्मृतीने गर्भपाताचे पाप ब्रह्महत्येच्या दुप्पट मानले आहे. ज्या वचनाच्या आधारे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा पक्ष मांडला आणि ज्यानंतर १८५६ चा कायदा झाला, ते वचनही याच स्मृतीतले आहे. परंतु उच्चवर्णीय समाजाने त्या ग्रंथातले पाप तेवढे लक्षात ठेवले आणि मोकळीक विसरून टाकली. पुढे १८६० च्या दंडसंहितेने कलम ३१२ अन्वये गर्भपात घडवणाऱ्याला, आणि स्वतः गर्भवतीलाही, तीन वर्षांपर्यंत, तर गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतर सात वर्षांपर्यंत कैद ठरवली; जन्मलेले मूल मारले तर तो खून होता आणि त्याला फाशी होऊ शकत होती. गर्भ ज्याच्यापासून राहिला तो पुरुष केवळ जनक म्हणून या कलमांच्या कक्षेत कोठेच येत नव्हता.

या उणिवेचा अर्थ पुण्यातील काशीबाईच्या प्रकरणात दिसतो. गोवंडे नावाच्या गृहस्थांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या या तरुण विधवेला शेजारच्या एका शास्त्रीबुवांपासून दिवस गेले. औषधांनी गर्भ पडला नाही, तेव्हा तिने जन्मलेल्या मुलाचा गळा चिरून त्याला परसातल्या विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अशी प्रकरणे टळावीत म्हणून जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी येथे गुप्तपणे बाळंत व्हावे, अशी छापील पत्रके ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्यांवर लावली. १८८४ मधील आपल्या टिपणात त्यांनी नोंदवले आहे की तोपर्यंत पस्तीस गर्भवती विधवा तेथे आल्या, परंतु त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. उरलेली तीस, आयांनी गर्भ लपवण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे दगावली.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावण्यात आली. ती पुढे रद्द होऊन शिक्षा सौम्य झाली, तरी वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या चारित्र्यावर आग पाखडली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले आणि स्त्रीवर लादलेला प्रत्येक दोष पुरुषाच्याही अंगी कसा असतो, हे दाखवून दिले. पुस्तकावर टीका उसळली, तेव्हा जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्याची बाजू घेतली.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, की पिता दोषी ठरला म्हणून गर्भाचा किंवा बालकाचा जीव स्वस्त होत नाही. हे खरे आहे, आणि जोतीरावांच्या घरी दगावलेली तीस मुले हेच सांगतात. पण त्या जिवाची चाड असणाऱ्याने आईसाठी वधस्तंभ उभारण्याआधी बाळंतपणासाठी एक खोली उघडी करणे हे अधिक नीतियुक्त ठरते. देहदंडाच्या समर्थनार्थ प्रतिबंधाचा, म्हणजे भयाने गुन्हा टाळण्याचा, सिद्धांत मांडला जातो; परंतु काशीबाईला लोकनिंदेचे भय शिक्षेच्या भयाहून मोठे वाटत होते, म्हणून तो सिद्धांत तिच्यापाशी लटका पडतो.

आजचा कायदा बराच पुढे आला आहे. १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक अटींवर गर्भपात वैध झाला, १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून फाशी ‘विरळातील विरळ’ प्रसंगापुरती राखली गेली, आणि अनौरस अपत्याच्याही पोटगीची जबाबदारी पित्यावर आहे. तरीही २०१७ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरील बलात्कारासाठी फाशीचे विधेयक मंजूर केले. ग्रामसभेत अथवा घरच्या ओसरीवर फाशीचा किंवा गर्भपाताचा विषय निघेल, तेव्हा दोर आणि गर्भ यांच्याआधी बापाची चौकशी झाली पाहिजे. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दत्तक घेतले, त्याला डॉक्टर केले आणि वारस नेमले. पितृत्व रक्ताने सुरू होत असले तरी ते सिद्ध होते जबाबदारी घेतल्यानेच, आणि जो समाज ती जबाबदारी मागत नाही, त्याला आईचा न्याय करण्याचा अधिकार नाही.