दोन मोती

वाचन : लूक 12:13-21



पर्ल बक या बाईंची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी 1931 साली प्रसिद्ध झाली. बाईंचे आईबाप चीन देशात मिशनरी होते, त्यामुळे तेथील कुणब्यांचे जिणे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. कथा वाङ लुंग नावाच्या गरीब शेतकऱ्याची आहे. नागपूरकडील काळ्या जमिनीत ज्याने कपाशी डवरली आहे, त्याला हा मनुष्य परका वाटावयाचा नाही. दिवस मावळेपर्यंत राबावे, उरलेली चांदी भिंतीतील भोकात लपवावी व तीतून शेत घ्यावे, हा त्याचा क्रम. ज्या ह्वांग जमीनदाराच्या वाड्यात त्याची बायको ओ-लान दासी होती, त्याच वाड्यात तो अखेरीस मालक म्हणून राहावयास जातो.

वाचणारा सहज म्हणतो, याने घाम गाळला, हे धन त्याच्या हक्काचे. मीही प्रथम तसेच म्हटले. परंतु हिशेब नीट पाहावा. दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेकडील शहरात जाते. तो रिक्षा ओढतो, बायकामुले भीक मागतात. एके दिवशी दंगा होऊन जमाव एका श्रीमंताच्या वाड्यात शिरतो. तेथे एक लठ्ठ गृहस्थ जिवाच्या भयाने आपले सोने वाङ लुंगला काढून देतो. त्या सोन्यावर बैल येतो, बियाणे येते. ओ-लानला भिंतीतील सैल विटेमागे रत्ने सापडतात. त्यांतून ह्वांगांची जमीन येते. म्हणजे पीक घामाचे खरे, पण जमिनीची किंमत घामाची नव्हती. जक्कयाने अन्यायाचे धन चौपट परत करू म्हटले. येथे परत करण्याची गोष्टच निघत नाही.

उपाशी मनुष्यास दोष देणे भरल्या पोटी सोपे जाते, हे मी जाणतो. शिवाय त्या श्रीमंताचे सोने तरी कोणाच्या घामाचे? आपल्याकडे 1951 साली मालगुजारी उठली, तोवर गाव एकाचे व नांगर दुसऱ्याचा, हे आपल्या वाडवडिलांनी सोसलेच होते. जमीन परमेश्वराची, आपण तिच्यावर उपरी, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते (लेवीय 25).

मला मात्र सोन्याहून दोन मोती अधिक सलतात. ओ-लान नवऱ्याबरोबर शेतात खपली; एकदा तर बाळंत होऊन त्याच दिवशी पुन्हा कामास आली. रत्ने तिनेच शोधली. तिने मागितले काय? दोन लहान मोती, लेण्यासाठीही नव्हेत, नुसते जवळ असावेत म्हणून. पुढे पैसा वाढला, त्याचे मन दुसऱ्या स्त्रीवर गेले, आणि ते मोतीही त्याने ओ-लानकडून मागून घेऊन त्या स्त्रीस दिले.

प्रभूच्या दाखल्यातील धनवानाने चोरी केली असे कोठे म्हटलेले नाही. त्याची जमीन पिकली, एवढेच. पण तो सगळे स्वतःशीच बोलतो. त्याच्या बोलण्यात गडी नाही, घरची माणसे नाहीत, पाऊस देणारा नाही. वाङ लुंगचा पिकावर हक्क होता. तो एकट्याचा नव्हता.

आपल्याकडे कपाशी फुटली की वेचणीस बहुधा बायाच जातात. कापूस बाजारात मात्र पुरुष नेतो व पैसे त्याच्या हाती पडतात. या हंगामात ते पैसे मंडळीत दशांश देण्यापूर्वी घरधनिणीसमोर मोजावे, व वेचणाऱ्या बायांची मजुरी अगोदर बाजूस काढावी. त्याच संध्याकाळी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरात मोठ्याने वाचावा. अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी तेथे लिहिले आहे.