तकदीर, करणी आणि निजामशाहीचा अस्त

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यासमोर उभे राहिले की सोबतची वडीलधारी मंडळी बहुधा एकच वाक्य बोलतात, "अल्लाहची मर्जी! चढ आहे तिथे उतार हा यायचाच." हे वाक्य मी लहानपणी ऐकले आणि पुढे स्वतःही कित्येकदा उच्चारले. त्यात श्रद्धा आहे, नम्रता आहे. पण वाचकहो, त्यात थोडी सोयही आहे, आणि त्या सोयीविषयीच आज आपल्याशी बोलायचे आहे.

राज्ये बुडतात, समाजांची पत जाते, ते विधिलिखित असते म्हणून, की माणसे तसे वागतात म्हणून? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. उमय्या काळात सत्तेच्या समर्थकांना पहिले उत्तर फार सोयीचे वाटे. राज्यकर्त्याचा जुलूमही तकदिरीतच लिहिलेला आहे असे ठरले, की त्याला जाब विचारणारा आपोआप अल्लाहच्या मर्जीविरुद्ध उभा राहिला असे भासवता येते. हजरत हसन बसरी (रह.) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेल्या पत्रात या युक्तिवादाचा चांगलाच समाचार घेतलेला आहे. माणसाच्या पापाचा दोष पालनकर्त्यावर ढकलता येणार नाही, हा त्या पत्राचा गाभा. तकदिरीवर श्रद्धा हा ईमानचाच भाग आहे, तेव्हा ती आहे की नाही हा आपला वाद नव्हेच. ती कोणी, कधी आणि कशासाठी पुढे करायची, एवढाच प्रश्न आहे.

हिजरी सन ३ मधील उहुदची लढाई आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पन्नास तिरंदाज टेकडीवर नेमले होते आणि काहीही झाले तरी जागा सोडू नये असे त्यांना बजावले होते. शत्रू मागे हटताना दिसला, लूट दिसली, आणि बहुतेकजण खाली उतरले. मोकळ्या झालेल्या बाजूने घोडदळ आले. सुमारे सत्तर मुसलमान शहीद झाले, स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. हे संकट आमच्यावर आले तरी कोठून, असा प्रश्न लोकांच्या ओठी आला. दिव्य कुरआनच्या सूरह आलि इम्रानमध्ये (आयत १६५) त्यांना सांगण्यात आले की ते तुमच्या स्वतःकडूनच आले. आणि लगेच पुढच्या आयतीत हेही सांगितले गेले की त्या दिवशी जे घडले ते अल्लाहच्या अनुज्ञेने घडले. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. आपण बहुधा दुसरी लक्षात ठेवतो आणि पहिली विसरतो. कुरआनचा क्रम मात्र आधी स्वतःकडे पाहण्याचा आहे.

आता पुन्हा किल्ल्याकडे येऊ. मलिक अहमदने १४९० मध्ये स्थापन केलेली निजामशाही १५६५ मध्ये तालिकोटच्या विजयात सहभागी होती. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत तिची काय अवस्था झाली ते पाहा. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशाहाचा त्याच्याच मुलाने जीव घेतला. पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला. नंतर इस्माइल, मग इस्माइलला हटवून त्याचा बाप बुऱ्हाण, मग १५९५ मध्ये विजापूरशी लढताना पडलेला इब्राहिम. सात वर्षांत पाच सुलतान. दरबार दखनी, हबशी आणि परदेशी अशा गटांत विभागलेला होता. १५८९ मध्ये परदेशी मंडळींची सर्रास कत्तल झाली. याच सुमारास फरिश्ता नावाचा एक तरुण नगर सोडून विजापूरला गेला आणि पुढे तेथेच त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. ज्या राज्याला आपला इतिहासकारही सांभाळता आला नाही, त्याच्याविषयी आणखी काय बोलावे!

१५९५ मध्ये गादीच्या वादात दखनी गटाचा पुढारी मियां मंजू याने गुजरातेत असलेल्या मोगल शाहजादा मुरादला मदतीसाठी बोलावले. अकबराची नजर दख्खनवर आधीपासून होती, हे खरे. पण आमंत्रण आतून गेले, हेही तितकेच खरे. मियां मंजूला नंतर पश्चात्ताप झाला. तोवर मोगल फौज नगरच्या वेशीशी आली होती.

आणि तेव्हा चांदबिबी उभी राहिली. हुसेन निजामशाहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडाराशी आली आणि रातोरात ते बुजवून घेतले. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, राज्य वाचले. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. आतली फूट तशीच होती. अल्पवयीन सुलतानाचा जीव वाचावा म्हणून वाटाघाटी कराव्यात, असे तिचे मत झाले. दरबारातल्या हमीद खानाने हे बाहेर फोडले, तेही विपर्यास करून. चांदबिबी शत्रूला फितूर झाली, अशी बोंब उठली. जमाव वाड्यात घुसला आणि तिला ठार करण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला.

या प्रसंगाशी मी नेहमी अडखळतो. मारणारे शत्रू नव्हते; ते तिचेच शिपाई होते, आणि आपण निष्ठेने वागत आहोत असेच त्यांना वाटत असणार. त्यांच्यात नमाजी असतील, कुरआन पढणारे असतील. एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, ही सूरह हुजुरातमधली (आयत ६) ताकीद त्यांच्या कानांवरून गेली असेलच. वाड्याच्या दाराशी त्या घडीला तकदीर त्यांचा हात धरून ओढत नव्हती. एक प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणी विचारला नाही.

यावर कोणी म्हणेल, ती जगली असती तरी अकबरापुढे टिकाव लागला नसता. कदाचित. इब्न खल्दूनचा दाखलाही देता येईल. १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त या थोर विचारवंताने राज्यांनाही माणसांसारखे वय असते असे मांडले. चाळीस वर्षांची एक अशा तीन पिढ्या, सुमारे एकशेवीस वर्षे. पहिली पिढी एकजुटीने राज्य मिळवते, तिसरी चैनीत ते घालवते. १४९० ते १६०० म्हणजे एकशेदहा वर्षे. हिशेब जवळजवळ जुळतो!

पण निजामशाही १६०० मध्ये संपली नाही. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला आलेला मलिक अंबर पुढे आला. त्याने परांड्यात मुर्तजा दुसरा याला गादीवर बसवले. शेतजमिनीची प्रतवारी आणि पीक पाहून सारा ठरवण्याची व्यवस्था लावली. मराठा सरदारांना सोबत घेतले, गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे हैराण केले. खडकी वसवून तेथे नहरीने पाणी आणले. तेच गाव पुढे औरंगाबाद झाले. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजांचा त्याने पराभव केला. तो संत नव्हता. सुलतान त्याच्या हातातले बाहुले होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण शत्रू तोच, मुलूखही तोच, आणि हातात साधने उलट कमीच. निकाल मात्र सव्वीस वर्षे वेगळा लागला.

इब्न खल्दूनचा कैवारी म्हणेल की विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो, तसे हे झाले. स्वतः इब्न खल्दूनने हा दृष्टांत वापरलेला आहे, आणि १६३६ चा शेवट पाहता तो अगदीच नाकारता येत नाही. तरीही त्याने सांगितलेली कारणे बारकाईने वाचावीत, अशी माझी विनंती आहे. चैन, वाढते कर, एकमेकांविषयीची आपुलकी आटणे. ही सारी माणसांची कृत्ये आहेत. वैद्य म्हणतो की असे खात राहाल तर असे होईल. म्हणून खाणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

१६२६ मध्ये अंबर वारला आणि जुनी चाल परत सुरू झाली. १६२९ मध्ये लखुजी जाधवांना दौलताबादेत दरबारी बोलावून मुलांसह मारण्यात आले. अंबरचा मुलगा फतेह खान याने सुलतानाचा खून केला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना दिली. शहाजीराजांनी पेमगिरीवर एका बालकाला गादीवर बसवून आणखी तीन वर्षे झुंज दिली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जिंकणारे मोगलही मुसलमानच होते आणि हरणाऱ्यांत मराठे, हबशी, ब्राह्मण सारेच होते. म्हणून या अस्ताला धर्माचा पराभव म्हणून रडणे इतिहासाला धरून नाही. बुडाला तो एक कारभार.

आणखी एक बाब मला सलते. "सारे आपल्याच करणीचे फळ" हे वाक्यही सांभाळून वापरावे लागते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्यातच फौजा मुलूख तुडवत होत्या. पैठण-जालन्याकडच्या कुणब्याने किंवा कोष्ट्याने कोणता कट रचला होता? दुराचाराची आपत्ती केवळ दुराचाऱ्यांपुरती राहत नाही, असा इशारा सूरह अन्फालमध्ये (आयत २५) आहे. ज्याच्या घरात अन्न नाही त्याला तू असाच वागलास म्हणून असे झाले, असे सुनावणे हे दीन नव्हे. त्याला सबर आणि तकदिरीचा आधारच द्यावा. करणीचा हिशेब मागायचा तो ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांच्याकडून.

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना प्लेगची वार्ता कळली. मसलत करून त्यांनी परतायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदिरीपासून पळता काय? त्यावर उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. अबू उबैदा (रजि.) आपल्या माणसांत परतले आणि त्याच साथीत वारले. दोघांनीही आपापली जबाबदारी ओळखून निर्णय घेतला, आणि त्याचा भार स्वतः उचलला.

राज्य तर आज आपल्या हाती नाही. पण मशिदीचे विश्वस्त मंडळ आहे, जमात आहे, शाळा आहे. माझ्या माहितीतल्या एका गावात समाजाने पै-पै जमवून मुलींची शाळा उभी केली. काही वर्षांनी हिशेबाविषयी कोणीतरी काहीतरी बोलले. वह्या कोणी मागितल्या नाहीत, की दाखवल्याही नाहीत. दोन गट पडले, शिक्षिका एकेक करून निघून गेल्या, मुली घरी बसल्या. त्या गावी गेलो असता एका सज्जन विश्वस्तांना कारण विचारले. त्यांनी वर आकाशाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तकदिरीत नव्हतं." इमारत अजून मजबूत आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे राहावी, याचा दावा कोर्टात चालू आहे.