उसने आणि आपले

धान्य चोरले तर धन्याची कणगी रिती होते. विचार उचलला तर त्याचे काहीच उणे होत नाही. मग वाङ्मयचौर्य ही चोरी कशी?

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. शेताघरात राबताना त्यांनी रचलेली गाणी मुलाने व आप्तांनी उतरवून घेतली. १९५१ साली त्या वारल्या. पुत्र सोपानदेव स्वतः कवी. गाणी आपल्या नावावर घातली असती तर शब्द तेच उरले असते, त्यांच्यामागची निरक्षर शेतकरीण मात्र पुसली गेली असती. चोरी होते ती माणसाची! १९५२ साली संग्रह निघाला तो आईच्याच नावाने.

२०१८ पासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यापीठालाही तेच नाव आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द. नियम हवेतच. परंतु यंत्र शब्द मोजते. शब्द फिरवून घेतलेला विचार त्याच्या चाळणीतून निसटतो. तेथे पहारा मनाचाच.

शेजारून आलेले फराळाचे ताट कोणाचे, हे लहान मूलही ध्यानात ठेवते. विद्येच्या घरी तेवढी आठवण जड का व्हावी?