आजाराचे उपकार

कुमार गंधर्वांना क्षय झाला ते एका परीने बरेच झाले, असे विधान गाण्याच्या जाणकारांत अजूनही अधूनमधून ऐकू येते. ते करणारा दुष्ट नसतो. बहुधा कुमारांवर त्याचा जीव असतो. त्याची मांडणी साधारण अशी असते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा बेळगावकडचा मुलगा काँग्रेस हाउसच्या आवारातल्या जिना हॉलमध्ये कोवळ्या वयात गायला आणि मुंबई थक्क झाली. ऑपेरा हाउसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात तो वाढला. १९४७ मध्ये, ऐन तेविशीत, फुफ्फुसांचा क्षय निघाला. १९४८ च्या आरंभी कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला जावे लागले. पुढची पाचेक वर्षे अंथरुणावर गेली आणि गायला सक्त मनाई झाली. त्या मौनात आसपासच्या बायाबापड्यांची माळवी गाणी कानात झिरपत राहिली. स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, एक फुफ्फुस मात्र निकामी झाले. १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसलेला गवई वेगळाच होता. म्हणून, आजार नसता तर हे कुमार नसते. म्हणून, त्या आजाराला काही प्रयोजन होते. यातले पहिले ‘म्हणून’ थोडेफार पटण्याजोगे आहे. दुसरे पटण्याजोगे नाही, आणि दुखणे संपवून रंगमंचावर परतणाऱ्या प्रत्येक कलावंताविषयी आपण जे भारावून बोलतो त्याच्या मुळाशी हे दुसरे ‘म्हणून’ असते.

या प्रश्नावर आपली परंपरा एका सुरात बोलत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. चरकसंहितेची सुरुवातच मुळी तक्रारीने होते. हिमालयाच्या कुशीत ऋषी जमतात ते कशासाठी, तर रोगांनी तप, उपवास, अध्ययन, व्रत सगळ्यांत विघ्न आणले म्हणून. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चारही पुरुषार्थांचे मूळ आरोग्यात आहे, असे तिथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि मग भरद्वाज इंद्राकडे आयुर्वेद शिकायला जातो. पतंजलीही याच बाजूचा. योगसूत्रांच्या समाधिपादात चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अंतरायांची यादी आहे आणि तिच्यात पहिला मान व्याधीचा आहे. संशय आणि आळसही तिच्यामागून येतात. आजार हा साधनेतला अडथळा आहे, एवढे सरळ मत. पण बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात याच्या नेमके उलट काही आहे. व्याधीने पोळणे हेच परम तप होय, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे ‘बरेच झाले’ म्हणणाऱ्या रसिकाला थेट श्रुतीचा आधार मिळाला की!

मिळाला, पण एका अटीवर, आणि ती अट आपण वाचायला विसरतो. हे तप कोणाला फळते? जो हे जाणतो त्याला. शंकराचार्यांच्या भाष्यातही तो रोगी डोळ्यांसमोर आहे, जो आपल्या दुखण्याची निंदा करत नाही, खचत नाही आणि त्याकडे तप म्हणून पाहतो. शेजारी बसून पाहणाऱ्याला उपनिषदाने असे काहीही सांगितलेले नाही. दुखण्याला तप म्हणण्याचा अधिकार प्रथमपुरुषी आहे. ‘माझा आजार हे माझे तप’ हे वाक्य धर्म असू शकते. ‘त्याचा आजार हे त्याचे तप’ हे वाक्य, कितीही आदराने उच्चारले तरी, दुसऱ्याच्या वेदनेवर परस्पर फिरवलेली सही असते. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि चरक व बृहदारण्यक उपनिषद यांच्यातला विरोधही मला याच जागी मिटताना दिसतो. दुसऱ्याच्या दुखण्यापुढे उभे असताना आपण चरकाचे ऐकावे, स्वतःच्या दुखण्यात जमल्यास उपनिषदाचे.

आता पहिल्या ‘म्हणून’कडे. आजारामुळे देवास आणि देवासमुळे माळवी धुना, ही साखळी खरी आहे. पण साखळीतली एक कडी आणि सगळ्याचा कर्ता या दोन गोष्टी वेगळ्या. देवासला हवापालट करणारे इतरही होते. अंथरुणावर पडून त्याच बायकांची तीच गाणी ऐकण्याची संधी रोगाने अनेकांना दिली असती. त्या गाण्यांत रागाचे बीज ऐकू येणारा कान मात्र क्षयाने दिला नव्हता. तो कुठे तयार झाला हे पाहायचे तर पुन्हा गिरगावातच यावे लागते. देवधरांचे विद्यालय एका घराण्याच्या कुंपणात राहणारे नव्हते. देवधर स्वतः पलुसकरांचे शिष्य, तरी नाना घराण्यांच्या बंदिशी मिळवणारे, पाश्चात्त्य संगीतही ऐकणारे, आणि त्यांच्याकडे निरनिराळ्या परंपरांच्या गवयांचा राबता असे. ‘ही चीज अशीच का?’ हा प्रश्न तिथे उद्धटपणा मानला जात नव्हता. ज्या मुलाने लहानपणी बड्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब उतरवून लोकांना चकित केले, त्याला नक्कल आणि गाणे यांतला फरक कळायला लागला तो याच वातावरणात. पुढे लगनगंधार, मालवती, सहेली तोडी यांसारखे राग आले, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ आले, त्यामागे ही शिस्त होती. रोगाने वेळ दिला असे म्हणा हवे तर. खरे पाहता त्याने सहा वर्षांचे गाणे काढून घेतले. उरलेल्यातून काही मिळवले ते गवयाने.

हीच चूक परदेशातही होते, आणि तिथे तर ती एका अख्ख्या संगीतप्रकाराच्या जन्मकथेत शिरली आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोके यंत्रात गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणे बनवली, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली आणला, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडचा तो जड, काळोखी नाद त्यातून घडत गेला. २०१२ मध्ये त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला; उपचार चालू असतानाच तो त्याच वर्षी रंगमंचावर परतला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्येच बँडच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम त्याने वाजवला. हेवी मेटल त्या यंत्राने जन्माला घातले, असे गमतीने म्हणतात. गंमत ठीक आहे. परंतु त्या यंत्रांनी किती कामगारांची बोटे घेतली, त्यांतून किती बँड निघाले?

हा प्रश्न मुंबईत विचारायला दूर जावे लागत नाही. परळ-लालबागच्या गिरणगावात क्षय हा घरोघरचा पाहुणा होता. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, साचेखात्यातली कोंदट हवा, छातीत साठणारी कापसाची धूळ, अपुरे खाणे. जंतूला आणखी काय हवे? शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय याच वस्तीच्या कडेला आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या कामगारांत भजनी मंडळे होती, डबलबारीत रात्र जागवणारे बुवा होते, शाहीर होते. त्यांच्यातल्या ज्यांच्या छातीने दगा दिला त्यांचे तप कुठे जमा झाले? त्यांचे गाणे सुधारून ते परतल्याच्या कथा आपल्याकडे नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या साधनेत काही कमी होते हे नव्हे. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन ही दुर्मीळ आणि महागडी चीज होती. सुसान सॉन्टॅगने १९७८ मध्ये लिहिलेल्या आजारावरील निबंधात दाखवून दिले की युरोपात क्षयाला प्रतिभेचा, नाजूक आत्म्याचा रोग म्हणून मिरवले गेले, आणि या शोभेच्या कल्पनांचा जाच अखेर रोग्यालाच झाला. आपल्याकडे शोभेची जागा तपाने घेतली आहे, इतकाच फरक. शिवाय या हिशेबात भानुमती कंस कुठे मांडायच्या? कुमारांशी १९४७ मध्येच लग्न करून त्या देवासला गेल्या, आजारपणाची ती सगळी वर्षे त्यांनी ओढली, आणि १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या. आजाराला प्रयोजन होते असे ज्याला म्हणायचे असेल त्याने या मृत्यूचेही प्रयोजन सांगावे. सांगू धजणारा कोणी भेटत नाही, आणि माझ्या मते ते न धजणेच अधिक धार्मिक आहे.

यावर कर्मसिद्धान्ताचा माणूस म्हणेल की प्रयोजन नसेल, पण कारण तर पूर्वकर्मात आहेच. तसे असेलही, ते खोडून काढण्याचे साधन माझ्याजवळ नाही. परंतु ज्याला सगळ्यांची सगळी कर्मे दिसतात त्यानेच हे बोलावे, आणि असा कोणी आपल्यात नाही. दुसऱ्याच्या बाबतीत कर्माचा सिद्धान्त वापरला की तो आरोप होतो, मग आपण तो कितीही मऊ आवाजात करू. अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. अर्थ काढून घेतला तर रोग्याने धरायचे काय? रुग्णालयाच्या खाटेवर चार भिंती पाहत पडलेल्याला ‘याला काही अर्थ नाही’ असे सांगणे क्रूरपणाचे नाही का? आहे. म्हणूनच मी ते सांगत नाही. त्याने स्वतः अर्थ लावला तर तो त्याचा हक्क, आणि उपनिषद त्याच्या पाठीशी उभे आहे. आपण तो अर्थ आधीच शिजवून त्याच्या पुढ्यात वाढू नये. कारण ज्याला तो पचत नाही त्याला आजाराबरोबर नापास झाल्याचीही लाज सोसावी लागते.

मग निर्गुणी भजनांचे काय? कुमारांनीच तर देह नाशवंत असल्याचे, श्वास मोजके असल्याचे गाणारी कबीरांची पदे निवडली. हे प्रथमपुरुषी तपच नव्हे का? असू शकेल. पण गाण्यात मला ऐकू येते ते देहाची अवहेलना करणारे वैराग्य नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुन्या वस्त्रासारखा देह टाकण्याची गोष्ट आहे. ती मृत्यूसमोर खरी असेल, मैफलीत ती उपयोगाची नाही. तिथे देह टाकून चालत नाही, उरलेला श्वास कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा हे देहालाच ठरवावे लागते. तो अचानक फेकलेला टिपेचा सूर, मग मधली मोकळी जागा, हे सगळे देहाच्या बारीक जाणिवेतून येते. निर्गुणाचा उच्चार इतक्या सगुण काटकसरीने व्हावा, यात विरोध पाहण्याचे कारण नाही. कबीर स्वतः विणकर, परळच्या साचेवाल्यांचे धंदाबंधू. देह हे त्यांचे रोजचे हत्यार होते.

आजाराच्या कथेने गाण्याचाही तोटा केला, हे मात्र फारसे बोलले जात नाही. कुमारांच्या ख्यालात विलंबिताची सावकाश बढत कमी, आलापाचे तुकडे आखूड, घराण्याची बांधणी सैल, असे आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतले गेले. ते गंभीर आक्षेप होते आणि त्यांना सांगीतिक उत्तर मिळायला हवे होते: बंदिशीतूनच रागाचे रूप उलगडावे, बढतीचा ठराविक जिना चढण्याची सक्ती नसावी, ही एक भूमिका आहे आणि तिच्याशी वाद घालता येतो. भक्तांनी त्याऐवजी फुफ्फुस पुढे केले. आलाप आखूड का, तर फुफ्फुस. पुकार इतकी आर्त का, तर फुफ्फुस. ज्या गवयाने परंपरेशी बुद्धीने झगडून निर्णय घेतले त्याचे गुण आणि दोष दोन्ही असे क्ष-किरणाच्या फोटोत जमा झाले. विरोधकांनी त्यांना निदान निवड करणारा माणूस मानले होते. दादरच्या एखाद्या नाट्यगृहात उद्या कोणी ज्येष्ठ गायक किंवा नट दुखण्यातून उठून पुन्हा उभा राहील, तेव्हा टाळ्या जरूर द्याव्यात. तो बरा झाला याचा आनंद माणुसकीचाच आहे. पण दुसऱ्या दिवशी परीक्षण लिहिणाऱ्याने सूर लागला की नाही, जागा नवी होती की जुनीच, हे आजारापूर्वी लिहिले असते तितक्याच कठोरपणे लिहावे.